घरीच पुढचे ब्रेक कॅलिपर बदलले, पण पेडल स्पंजसारखं बसतंय. काय चुकलं?

खारावारा | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, थोडं लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

गाडी १२ वर्षांची हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिसऱ्या प्रतिसादात "तुमची गाडीच फालतू, आमची बघा" वर जातो. राहणं रत्नागिरीत, समुद्रापासून सरळ रेषेत दीड किलोमीटर, म्हणजे आमच्याकडे दाराच्या कडीलाही गंज चढतो तिथे ब्रेकची काय कथा.

दसऱ्याला कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरलो आणि साखरप्याला चहाला थांबलो तर डाव्या पुढच्या चाकाकडून जळका वास. हात जवळ नेला तरी धग लागत होती. उजवं चाक मात्र नुसतं कोमट. आणि आधीपासून गाडी किंचित डावीकडे ओढायची, ॲव्हरेजही पडलं होतं, पण ते मी रस्त्यांवर ढकललं (आपल्याकडे कशालाही रस्ते पुरतात).

घरी आल्यावर चाक काढून बघितलं. आतल्या बाजूचा पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलेला, बाहेरचा अर्धा शिल्लक. कॅलिपरच्या (म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या चिमट्याच्या) दोन स्लाइड पिना, ज्यांवर तो सरकतो, कोरड्या ठणठणीत, एकीचं रबरी बूट फाटलेलं. म्हटलं झालं, कॅलिपर जाम. गॅरेजवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून घरी परत आलो आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून दोन्ही बाजूचे नवीन कॅलिपर, पॅडचा सेट, तांब्याचे चार वॉशर, डॉट ४ ब्रेक ऑइलची अर्ध्या लिटरची बाटली असं घेऊन आलो. कॅलिपर एकेक अडीच हजाराच्या आसपास पडला.

आज सकाळी अंगणात काम काढलं. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना दगड, चाकाचे नट जमिनीवरच ढिले केले, मग जॅक, मग खाली घोडी (जॅक स्टँड). दोन्ही बाजू एकदम उचलल्या म्हणजे काम पटकन होईल. बॅन्जो बोल्ट, म्हणजे ब्रेक ऑइलची रबरी नळी (होज) कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, कॅलिपर जागेवर असतानाच सैल केला (हे एका व्हिडिओत बघितलं होतं, नाहीतर कॅलिपर हातात लोंबकळत असताना तो सुटत नाही). डाव्या बाजूचा बोल्ट मात्र असा बसलेला की पान्यावर पाईप घालून ओढला तेव्हा टक्क करून आवाज आला आणि मला वाटलं बोल्टच तुटला. नव्हता तुटला.

नवे बसवले, पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं, तांब्याचे वॉशर नवीन, सगळं घट्ट. मग ब्रेकच्या लाइनमधली हवा काढायला मुलीला आत बसवलं. मी खाली, ती वर, "दाब... धर... सोड" चालू. अर्ध्या लिटरची बाटली संपली, परत जाऊन दुसरी आणली. नळीतून बुडबुडे यायचे थांबले पण पेडल मात्र स्पंज. दाबलं की निम्म्याच्या खाली जातं, भराभर तीनचारदा पंप केलं की वर येतं, अर्ध्या मिनिटाने परत खाली. गळती कुठेच नाही, कागद ठेवून बघितला.

गाडी गेटच्या बाहेर काढलेली नाही. काय राहिलं असेल?

स्पष्टवक्ता | रात्री १०:५८

राहिलंय ते एवढंच की ब्रेकचं काम घरी करू नये. पंखा दुरुस्त करताना चुकलं तर पंखा फिरत नाही. ब्रेक चुकला तर काय होतं ते मी सांगायला नको. टो करून गॅरेजला न्या.

तिखटमीठ | रात्री ११:०६

स्पष्टवक्ता, ते गेटच्या बाहेर गेलेले नाहीत असं लिहिलंय, तेवढं वाचा की. शंका आली आणि गाडी थांबवली, याहून जास्त काळजी कोण घेतं? गॅरेजमध्ये पॅड बदलून घेतल्यावर पहिल्याच सिग्नलला पेडल जमिनीला टेकलेलं मी अनुभवलंय, पिस्टन मागे ढकलून कोणी पेडल पंपच केलं नव्हतं.

खारावारा, पेडल पंप केल्यावर वर येतं म्हणजे हवा आहेच आत. कुठेतरी वरच्या कोपऱ्यात अडकलीय. मागच्या चाकांची हवा काढलीत का? काम चालू असताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली होती का मध्ये?

खारावारा | रात्री ११:१५

टाकी एकदा अगदी तळाला गेली होती, खोटं कशाला बोलू. होज उघडा होता आणि मी वॉशर शोधत बसलो. मागची हवा काढली नाही, तिकडे हातच लावला नव्हता ना.

तिखटमीठ | रात्री ११:२२

मग मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा, टाकीखालचा पंप) हवा घुसली असणार, चारही चाकं करावी लागतील. साधारण नियम मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचं चाक आधी, आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना ते मागचं डावं. पण बऱ्याच छोट्या गाड्यांना लाइन तिरकी विभागलेली असते, एका सर्किटवर पुढचं डावं मागचं उजवं असं, तेव्हा मॅन्युअलमध्ये दिलेला क्रम खरा.

आणि पुढच्या वेळी होज उघडा ठेवायचा असेल तर आधी एक काठी सीट आणि पेडलच्या मध्ये अशी अडकवायची की पेडल थोडंसं दाबलेलं राहील. त्याने मास्टर सिलिंडरमधलं टाकीचं भोक झाकलं जातं आणि ऑइल ठिबकत नाही. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपला होते. एसटीला हवेचे ब्रेक, त्यामुळे ही ट्रिक तिथली नाही, ती त्यांनी घरच्या गाडीवर शिकवली. तिथली शिकवण एकच, पाना नेहमी स्वतःकडे ओढायचा, ढकलायचा नाही. ढकलला आणि निसटला की बोटांची सालं.

मिशिगनचा_मामा | रविवार, सकाळी ७:३० (तुमच्याकडची)

इकडे बर्फावर मीठ टाकतात त्यामुळे आम्ही सगळे आपोआप रत्नागिरीकर. माझ्या गाडीचे कॅलिपर मी आत्तापर्यंत तीनदा बदललेत. इकडे पद्धत अशी की जुना कॅलिपर परत दिला की डिपॉझिट परत, तोच साफ करून नवीन सील घालून पुन्हा विकतात. हत्यारंसुद्धा पार्टच्या दुकानातून डिपॉझिटवर घरी आणता येतात, त्यामुळे शेजारपाजारचे सगळे शनिवारी ड्राइव्हवेमध्ये आडवे. भारतात असताना मी स्टेपनीसुद्धा कधी बदलली नव्हती, इकडे मजुरीचा तासाचा दर बघून आपोआप मेकॅनिक झालो.

एक विचारतो, मुलीला पेडल पार तळापर्यंत दाबायला सांगितलं होतं का? जुन्या गाडीत ते करू नये. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन वरचाच भाग वापरतो, खालच्या न वापरलेल्या भागात गंज आणि गाळ साचतो, आणि तळापर्यंत दाबलं की रबरी सील त्या गंजावरून घासून फाटतात. मग नवीन कॅलिपर घालूनही पेडल हळूहळू खाली जातं. पेडलच्या खाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा.

खारावारा | सकाळी ८:०२

बोंबला. तळापर्यंतच दाबत होती. पण पंप केल्यावर पेडल कडक राहतं, पाय तसाच दाबून ठेवला तर सरकत नाही. म्हणजे सील वाचलं म्हणायचं का?

मिशिगनचा_मामा | सकाळी ८:०९

सरकत नसेल तर वाचलं. सील गेलं असतं तर पायाखाली हळूहळू बुडत गेलं असतं.

पेंगुळलेली_मांजर | सकाळी ८:४४

मला यातलं शष्प कळत नाही पण वाचायला मजा येतेय. एक बाळबोध प्रश्न, हवा आत गेली तर एवढं काय बिघडतं? टायरमध्ये हवाच असते की.

अर्धाकप | सकाळी ९:२०

मांजर, द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पास्कलचा नियम शाळेत होता बघा, त्याचं सगळ्यात उपयोगी उदाहरण म्हणजे ब्रेक. पायाने इकडे ढकललेलं ऑइल तिकडे पिस्टन ढकलतं. मध्ये हवा असली की तुमचा जोर ती हवा चेपण्यात जातो, पिस्टनपर्यंत पोचतच नाही.

तीच गोष्ट पाण्याची. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषतं, कोकणात तर विचारूच नका. डॉट ४ ताजं असताना उकळायला किमान २३० अंश लागतात, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच हद्द १५५ वर येते. डॉट ३ तर १४० वर. घाटात सतत ब्रेक दाबून कॅलिपर तापला की आतलं पाणी उकळून वाफ होते, आणि वाफ म्हणजे परत हवाच. चढलात त्याच गिअरमध्ये उतरा असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठी.

अवांतर: डिस्क ब्रेक हे अलीकडचं फॅड नाही, इंग्लंडच्या लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट घेतलं होतं. पण लोकांना ते पटलं १९५३ मध्ये, जग्वारने डिस्क ब्रेकच्या जोरावर ल मान्सची २४ तासांची शर्यत मारली तेव्हा. आमच्या घरी पद्मिनी होती, तिला चारही चाकांना ड्रम. पाणी भरलेल्या रस्त्यातून बाहेर आलं की आजोबा शंभर पावलं ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवायचे, ड्रम वाळवायला.

जुना_फिटर | सकाळी १०:०५

सगळ्यांचं बरोबर आहे पण कुणी साधं विचारलंच नाही.

कॅलिपरचं हवा काढायचं निपल वर आहे का खाली?

खारावारा | सकाळी १०:११

म्हणजे?

जुना_फिटर | सकाळी १०:१४

म्हणजे चाक काढा, खाली बसा, बघा, इकडे येऊन सांगा.

खारावारा | सकाळी १०:३६

खाली.

दोन्ही बाजूंना.

🤦

तिखटमीठ | सकाळी १०:३८

😂😂 डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे!!

जुना_फिटर | सकाळी १०:५०

हसू नका, ३५ वर्षांत माझ्याकडची चार पोरं हे करून बसली. त्यातला एक आता स्वतःचं गॅरेज चालवतो.

हवा वर चढते. निपल वर असेल तर वर चढलेली हवा तिथून निघते. निपल खाली असेल तर तुम्ही बाटल्यांवर बाटल्या ओता, खालून स्वच्छ ऑइल येत राहील, बुडबुडा एक दिसणार नाही, आणि वरच्या खोबणीत हवेचा गोळा आरामात बसून राहील. म्हणून तुम्हाला वाटलं हवा संपली. बऱ्याच गाड्यांना डावा उजवा कॅलिपर आरशातल्यासारखा असतो, भोकं जुळतात, बोल्ट बसतो, फक्त होजला थोडा पीळ पडतो. तो पीळ बघूनच शंका यायला हवी होती.

खोक्यावर लिहिलेलं नव्हतं का?

खारावारा | सकाळी ११:०४

लिहिलेलं होतं हो, एलएच आणि आरएच. पण मी गाडीच्या समोर उभा राहून डावं उजवं धरलं. म्हणजे माझं डावं. आणि दोन्ही जुने एकदम काढून बादलीत टाकले होते त्यामुळे ताडून बघायला काही उरलं नव्हतं.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बावीस वर्षं डावं उजवं मीच सांगतेय."

जुना_फिटर | सकाळी ११:१५

गाडीचं डावं उजवं ड्रायव्हरच्या सीटवर बसून धरायचं. आणि एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी बाजू म्हणजे तुमचं फुकटचं मॅन्युअल.

आता असं करा. दोन्ही काढून अदलाबदल करा. तांब्याचे वॉशर परत नवीनच टाका, दाबून चपटा झालेला वॉशर पुन्हा झिरपू शकतो, दोन रुपयांसाठी जीव टांगू नका. बॅन्जोच्या दोन्ही अंगांना एकेक, मधे कोणी दोन एकाच बाजूला घालतं. होजला पीळ नको, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा होज कुठे टायरला किंवा स्ट्रटला लागत नाही ना. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधा. सांडलेलं ऑइल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलून नेतं. आणि काढलेलं ऑइल टाकीत परत ओतू नका, गटारातही नको, बाटलीत भरून कुठल्याही गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या पिंपात द्या.

निपलला तीन वेळा जास्त जोर लावला की आटे जातात. मनगटाचा जोर पुरे, खांद्याचा नको.

स्पष्टवक्ता | सकाळी ११:४०

मी म्हणालोच होतो.

तिखटमीठ | सकाळी ११:४१

तुम्ही टो करा म्हणाला होतात, निपल बघा नाही. 🙂

नटबोल्ट_पुणे | दुपारी १२:१५

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये नुसतं बॉनेट उघडलं तरी ग्रुपवर फोटो येतो. अंगण असणाऱ्यांबद्दल असूया नोंदवून खाली बसतो.

ज्यांच्या गाड्यांना मागेही डिस्क आहे त्यांच्यासाठी एक. हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत फिरवत न्यावा लागतो. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकायचा, जबरदस्तीने सी क्लॅम्प लावलात तर मोटरची वाट. आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा गेली तर ती कधीकधी स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय निघत नाही. २०१९ नंतरच्या सगळ्या नव्या गाड्यांना आपल्याकडे एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा टाकी रिकामी होऊ देणं हा चैनीचा विषय राहिलेला नाही.

खारावारा | रविवार, संध्याकाळी ६:५०

झालं! लिहितो सविस्तर, उपकार फेडायला.

अदलाबदलीला दोन तास लागले, त्यातला अर्धा तास दुकान रविवारी उघडं नसल्याने वॉशरसाठी एका ओळखीच्या मेकॅनिकच्या घरी गप्पा मारण्यात. या वेळी एक बाजू पूर्ण करून मगच दुसरी.

पेडलखाली मुलीने तिचा जुना लाकडी पाट ठेवला. मत्स्यटाकीची पारदर्शक नळी निपलवर, दुसरं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थोड्या ऑइलमध्ये बुडवलेलं. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मागच्या ड्रमचं ऑइल कोकम सरबताच्या रंगाचं निघालं, बारा वर्षांत कुणी बदललं होतं की नाही देव जाणे.

आणि पुढच्या डाव्याचं निपल पाव आटा उघडलं तर काय सांगू, आधी एक क्षण काहीच नाही आणि मग नळीत हा एवढा बोटभर लांबीचा हवेचा तुकडा, त्याच्यामागे साबुदाण्यासारखे बारीक बुडबुडे, थांबेचनात. बरणीत खदखद. मुलगी वरून ओरडतेय, "बाबा पाय खाली गेला, सोडू?" आणि मी "नको नको धर धर" करत निपल बंद करतोय. काल तेच सगळं वर बसून माझी गंमत बघत होतं. पाचसहा वेळा केल्यावर नळी भरून स्वच्छ सोनेरी ऑइल, आणि पेडल असं वर आलं की मुलगी म्हणाली, "आता दगड झालं."

नट टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट केले, रेंच शेजारच्या मुलाकडून. नवीन पॅड मुरवायला हातखंब्यापर्यंत गेलो, रस्ता मोकळा बघून साठवरून वीसवर हळूहळू, पूर्ण न थांबता, पंधराएक वेळा, मधे मधे थंड होऊ देत. सरळ थांबते. ओढत नाही.

जुना_फिटर काका, रत्नागिरीला आलात तर आंब्यांची पेटी माझ्याकडून.

जुना_फिटर | संध्याकाळी ७:२०

पेटी मे महिन्यात बघू. आठवडाभर चालवा आणि डाव्या चाकाची धग बघत राहा. जुना कॅलिपर फेकला नाही ना? फेकू नका एवढ्यात.

खारावारा | संध्याकाळी ७:२३

का हो?

जुना_फिटर | संध्याकाळी ७:३१

असंच.

खारावारा | पुढचा रविवार, सकाळी ९:१५

काका, तुम्हाला काय दिसलं होतं ते सांगून टाका आता.

इन्फ्रारेड थर्मामीटर मागवला होता, कपाळाचा नाही, मशिनचा. पहिले तीन दिवस दोन्ही डिस्क सारख्या. गुरुवारी बाजारातून आल्यावर उजवी ५८, डावी ९७. काल लांज्याला जाऊन आलो, उजवी ७१, डावी १६४. नवीन कॅलिपर, नवीन पॅड, नवीन पिना, ग्रीस, आणि परत तेच. परवा नवीन कॅलिपरच परत करायला निघालो होतो, बायको म्हणाली आधी विचार.

जुना_फिटर | सकाळी ९:५०

गाडी थोडी फिरवून आणा, चाक तापलं की लगेच जॅक लावा, आणि चाक हाताने फिरवून बघा. जड लागेल. मग निपलला नळी लावून पाव आटा उघडा. ऑइल दाबाने पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दोष कॅलिपरचा नाही, आत दाब कोंडलेला आहे. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपर किंवा पिना. हे खरं म्हणजे पहिल्या दिवशी, पैसे खर्च करायच्या आधी करायचं असतं. पण तुम्ही तेव्हा विचारलं नव्हतंत, कॅलिपर घालून आला होतात.

खारावारा | सकाळी ११:२५

उडालं. चष्म्यावर. चाक एका बोटाने फिरलं.

जुना_फिटर | सकाळी ११:३२

होज.

रबरी होजला आत एक अस्तर असतं. जुनं झालं की ते आतून फुगतं किंवा त्याचा पापुद्रा सुटतो. तुमच्या पायाचा दाब मोठा, तो ऑइल पलीकडे ढकलतो. पाय सोडल्यावर परत येताना मात्र ढकलायला कोणी नसतं, पिस्टनचं सील आपला पीळ सोडून त्याला केसभर मागे घेतं तेवढाच जोर, आणि तो पापुद्रा दारासारखा बंद होतो. ब्रेक लागलेलाच राहतो. बाहेरून होज नवा कोरा दिसतो. दोन्ही पुढची चाकं धरून ठेवत असती तर मी मास्टर सिलिंडरकडे बघितलं असतं, किंवा पेडलला मोकळीक आहे का ते. एकच चाक, आणि पिना घालूनही तेच, म्हणजे होज. दोन्ही बाजूचे बदला.

आधी कधी पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवला असेल कुणी तर त्याचाही हातभार असू शकतो, नक्की कोणी सांगू शकत नाही.

मिशिगनचा_मामा | दुपारी १२:१०

हे मला २०१६ मध्ये कळलं असतं तर माझा एक कॅलिपर वाचला असता. सेव्ह करून ठेवतोय.

पेंगुळलेली_मांजर | दुपारी १२:४०

म्हणजे पाच हजार पाण्यात? 😿

तिखटमीठ | दुपारी १२:५५

अगदी पाण्यात नाही गं. फाटकं बूट आणि कोरड्या पिना होत्याच की, आतला पॅड जास्त झिजला होता. पण ते पिना साफ करून शेपन्नास रुपयांच्या रबर किटमध्येही भागलं असतं. एक सांगते, पिना रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊ नका, आणि चेसिसचं साधं ग्रीस लावू नका. त्याने रबर फुगतं, पीन आवळली जाते, आणि सहा महिन्यांनी परत जाम. बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एका पिनेला टोकाशी रबरी बुश असतं, ती वरची का खालची ते काढतानाच फोटो काढून ठेवायचं. आणि धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

खारावारा | बुधवार, रात्री ९:३०

दोन्ही होज नवीन टाकले. या वेळी मुलीला काही सांगावं लागलं नाही, पाट स्वतः घेऊन आली.

जुना डावा होज ब्लेडने उभा कापला. बाहेरून खरंच काही नाही. आत भोक कसं असायला हवं ते उजव्या होजमध्ये दिसतं, आगपेटीची काडी सहज जाते. डाव्यात मधोमध अस्तर फुगून तीळ जाईल एवढं छिद्र, आणि एका कडेने नखाएवढा पापुद्रा सुटलेला, काडीने ढकलला की एका बाजूला वाकतो, उलट ढकलला की भोकावर जाऊन बसतो. अर्धा तास तेच करत बसलो होतो जेवायच्या टेबलावर.

मग जुना डावा कॅलिपरही खोलला. भोकात सायकलच्या पंपाने हवा मारली, पिस्टनसमोर लाकूड ठेवून, बोटं लांब ठेवून. पिस्टन टुणकन बाहेर. आत एक डाग नाही, भिंत चकचकीत, सील मऊ.

आज कोल्हापूरला जाऊन आलो मुद्दाम. आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो, साखरप्याला थांबून मोजलं, उजवी ८८, डावी ८६.

नटबोल्ट_पुणे | रात्री ९:४८

जुने कॅलिपर विकताय का? माझीही तशीच गाडी असावी असा संशय आहे.

खारावारा | रात्री १०:०२

उजवा घेऊन जा, फुकट. डाव्याला मुलीने घासून रंग दिलाय, आता त्यावर तिच्या दहावीच्या गाइडचा ढीग आहे.

जुना_फिटर | रात्री १०:२०

नटबोल्ट, आणताना त्यांना विचारा उजवा म्हणजे कुठून धरलेला.